पाण्याच्या जाहिरातीत आजारांची नावे छापू नका : मराठी वृत्तमाध्यमांच्या जाहिरात विभागांना खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिके, साप्ताहिके आणि वृत्तवाहिन्या यांचे जाहिरात विभागप्रमुख

सप्रेम नमस्कार,

अल्कलाइन पाणी, आयोनाइज्ड पाणी, हायड्रोजन पाणी, 'जिवंत' पाणी अशा नावांनी बाटल्या आणि घरगुती यंत्रे विकणाऱ्यांच्या जाहिराती आरोग्य पुरवण्यांत आणि सकाळच्या कार्यक्रमांत सतत दिसतात. मधुमेह, रक्तदाब, संधिवात, मुतखडा, आम्लपित्त आणि कधी कधी कर्करोगसुद्धा त्यांत नावानिशी येतो. आम्ही पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांत आणि औषधांच्या दुकानांत काम करणारी माणसे आहोत. अशी जाहिरात वाचलेला माणूस पाण्याची बाटली घेऊन आमच्याच काउंटरवर येतो आणि पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे दाखवणारा आकडा) चांगला आला म्हणजे आता गोळी बंद करायची का, हे आम्हालाच विचारतो. जाहिरात तुम्ही छापता, उत्तर आम्हाला द्यावे लागते. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि वाचकांसमोर.

या जाहिरातींत नवे काही नाही. पाणी हेच औषध म्हणून विकण्याचा धंदा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत आणि युरोपात ऐन भरात होता. तो कसा चालला आणि कसा उघडा पडला, याच्या नोंदी आहेत. त्यातली दोन प्रकरणे तुमच्या विभागातल्या प्रत्येकाला माहीत असावीत असे आम्हाला वाटते.

पहिले 'बफेलो लिथिया वॉटर'चे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या झऱ्याचे हे पाणी. जाहिरातीत गाउट (युरिक अॅसिडचे स्फटिक साचून सांधे सुजण्याचा आजार), संधिवात, मुतखडा आणि मूत्रपिंडाचा 'ब्राइट्स डिसीज' यांची नावे असत आणि डॉक्टरांची प्रशस्तिपत्रेही. त्यामागे शास्त्राचा एक धागा खरा होता. लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड गारॉड यांनी १८५९ मध्ये गाउटवर लिथियमचे क्षार सुचवले होते, कारण युरिक अॅसिडचे लिथियमबरोबर होणारे संयुग पाण्यात बऱ्यापैकी विरघळते. परीक्षानळीत हे खरे आहे. शरीरात मात्र सांध्यातले स्फटिक विरघळतील इतके लिथियम रक्तात आणायचे तर रोगी आधी त्या लिथियमनेच दगावेल. झऱ्याच्या धंद्याने परीक्षानळीतला भाग तेवढा उचलला. पाण्यात लिथियम किती, हे कोणी विचारले नाही.

सरकारने ते विचारले. १९०६ च्या अन्न आणि औषध कायद्याखाली १९१० मध्ये या पाण्याचा साठा जप्त झाला आणि खटला कित्येक वर्षे चालला. न्यायालयाने नोंदवलेले निष्कर्ष असे : औषधी मात्रेइतके लिथियम मिळवायला या पाण्याचे दिवसाला दीड लाख ते सव्वादोन लाख गॅलन प्यावे लागतील, आणि पोटोमॅक नदीच्या साध्या पाण्यात गॅलनमागे यापेक्षा पाचपट लिथियम आहे. आपल्या मापात सांगायचे तर ५ लाख ६८ हजार ते ८ लाख ५२ हजार लिटर. दुष्काळी गावात येणारा दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर एका माणसाला एका दिवसात ५७ ते ८५ टँकर. पुढे कंपनीने नावातला 'लिथिया' काढून 'मिनरल' घातले आणि पाणी विकणे चालू ठेवले.

दुसरे प्रकरण याच्या नेमके उलट आहे, म्हणून जास्त महत्त्वाचे : जाहिरातीतला पदार्थ इथे पाण्यात खरोखरच होता. १९०३ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसन यांना विहिरीच्या पाण्यात किरणोत्सार आढळला. लगेच प्रसिद्ध झऱ्यांची 'शक्ती' म्हणजे पाण्यात विरघळलेला किरणोत्सारी रेडॉन वायू, असे सांगितले जाऊ लागले. रेडॉन पावणेचार दिवसांत निम्मा होतो, म्हणून बाटलीत भरून दूर नेलेले पाणी 'मेलेले' आणि घरी ताजे बनवलेले 'जिवंत', असा प्रचार झाला आणि त्यातून यंत्रे निघाली. 'रेव्हिगेटर' हा त्यातला गाजलेला माठ. १९१२ मध्ये त्याचे पेटंट निघाले. माठाला आतून किरणोत्सारी खनिजाचे अस्तर, रात्री पाणी भरून ठेवायचे आणि दिवसभरात सहा किंवा जास्त पेले प्यायचे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९१६ ते १९२९ या काळात अशा उपकरणांना मान्यतेची अट घातली होती : चोवीस तासांत लिटरमागे किमान २ मायक्रोक्युरी (किरणोत्सार मोजण्याचे एकक) रेडॉन उतरला पाहिजे. म्हणजे फसवणूक कशाला म्हणायचे, तर रेडॉन कमी उतरला तर. तो प्यावा का, याचे उत्तर त्या चाचणीत नव्हते.

याच वातावरणात विल्यम बेली यांनी न्यू जर्सीत 'रेडिथॉर' काढले. अर्ध्या औंसाची, म्हणजे १५ मिलिलिटरची बाटली, किंमत एक डॉलर, आत ऊर्ध्वपातित पाणी आणि त्यात रेडियम या किरणोत्सारी धातूची दोन समस्थानिके (एकाच मूलद्रव्याची वेगवेगळ्या वजनाची रूपे), प्रत्येकी सुमारे एक मायक्रोक्युरी. लेबलवर 'प्रमाणित किरणोत्सारी पाणी'. ते प्रमाण खरे होते. चार लाखांहून जास्त बाटल्या खपल्या, आणि बाटल्या सुचवणाऱ्या डॉक्टरांना किमतीत सूट मिळे. पिट्सबर्गचे उद्योगपती आणि गोल्फपटू एबेन बायर्स यांना १९२७ मध्ये हाताच्या दुखापतीसाठी हे पाणी सुचवले गेले आणि त्यांनी सुमारे १४०० बाटल्या प्यायल्या. रेडियमला शरीर कॅल्शियम समजून हाडांत साठवते. त्यांचा जबडा झडला, कवटीला भोके पडली आणि ३१ मार्च १९३२ रोजी ते गेले. फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारच्या व्यापार नियामक संस्थेचा मनाई हुकूम डिसेंबर १९३१ मध्ये निघाला होता.

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार तुमच्याकडे पुरावा म्हणून दाखवल्या जाणाऱ्या 'प्रयोगशाळेत तपासलेले' या कागदाबद्दल. तो कागद आम्हीच देतो, म्हणून त्यात काय असते ते सांगतो. पीएच, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, कोलिफॉर्म जंतू, एवढेच. खाली ओळ असते की निष्कर्ष फक्त तपासलेल्या नमुन्यापुरते आहेत. नमुना कुणी आणला तेही लिहिलेले असते, आणि बहुतेक वेळा तो विक्रेत्यानेच आणलेला असतो. पीएच ९.५ आला याचा अर्थ पीएच ९.५ आहे. त्यातून मधुमेहाबद्दल एक अक्षरही निघत नाही. रेडिथॉरच्या बाटलीवरचा आकडासुद्धा खराच होता.

दुसरी तक्रार मात्रेबद्दल. ती थोडी सविस्तर मांडतो, कारण 'शरीर अल्कधर्मी करा' हे वाक्य तुमच्या पुरवण्यांत सगळ्यांत जास्त वेळा येते. पीएच ९.५ च्या पाण्यात हायड्रॉक्साइड, म्हणजे आम्ल मारणारा घटक, लिटरला साधारण ०.०३ मिलिमोल असते. जठरातल्या आम्लाचा पीएच १.५ धरला तर त्याच्या एका मिलिलिटरमध्ये तेवढेच आम्ल असते. म्हणजे एक लिटर पाण्यातले हायड्रॉक्साइड एक मिलिलिटर जठररसात संपते, आणि जठर दिवसाला दीड-दोन लिटर रस तयार करते. पाण्याची आम्ल शोषण्याची खरी क्षमता पीएचवर फारशी अवलंबून नसते, ती बायकार्बोनेटवर असते. प्रयोगशाळेत तिला अल्कलिनिटी म्हणतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, तिची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. एवढी अल्कलिनिटी असलेले बोअरचे पाणी, पीएच ७.५ असला तरी, त्या हायड्रॉक्साइडच्या शंभरपटीहून जास्त आम्ल शोषते. आणि हे सगळे जठरातच संपते. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये ठेवण्याचे काम फुप्फुसे आणि मूत्रपिंडे करतात, आपण काय प्यायलो याने तो हलत नाही. हलला तर माणूस अतिदक्षता विभागात असतो.

त्याच मानकात पीएचची मर्यादा ६.५ ते ८.५ आहे आणि तिला सवलतीची वरची मर्यादा दिलेली नाही. ९.५ चे पाणी 'अधिक शुद्ध' म्हणून छापताना तुम्ही राष्ट्रीय मानकाबाहेरचे पाणी उत्तम म्हणून सांगत आहात.

खनिज पाण्याचा शरीरावर काहीच परिणाम होत नाही, असे आमचे म्हणणे नाही. बुडापेस्टचे 'हुन्यादी यानोश' हे कडू पाणी रेचक होते, कारण त्यात मॅग्नेशियम सल्फेट आणि सोडियम सल्फेट भरपूर होते. टेक्सासमधल्या मिनरल वेल्स गावचे 'क्रेझी वॉटर क्रिस्टल्स' १९३० च्या दशकात रेडिओवरून घरोघर पोचले. ते मुख्यतः सोडियम सल्फेटच होते, म्हणजे साधे जुलाबाचे मीठ. पोट साफ होई हे खरे, पण संधिवाताचे दावे त्यावरच चिकटवलेले होते. फ्रान्समधल्या विशीच्या पाण्यात लिटरला सुमारे ३ ग्रॅम बायकार्बोनेट असते, त्याने जळजळ थोडी शमते. पण त्यातच लिटरला एक ग्रॅमहून जास्त सोडियम असते आणि रक्तदाबाच्या रुग्णाला ते नको असते. परिणाम आहे तिथे मात्रा आहे, आणि मात्रा आहे तिथे तोटाही आहे. ज्या जाहिरातीत दोन्ही आकडे नाहीत ती औषधाची माहिती देत नसते.

तिसरी तक्रार प्रात्यक्षिकांची. सोसायटीच्या हॉलमध्ये होणारी ही प्रात्यक्षिके आता प्रायोजित लेखांतून छायाचित्रांसह छापून येतात आणि वाहिन्यांवर जशीच्या तशी दाखवली जातात. ती अशी चालतात.

दोन पेल्यांत पाणी, एकात नळाचे, दुसऱ्यात यंत्राचे. दोन्हींत दोन-दोन सळ्या बुडवतात, एक लोखंडाची, एक अॅल्युमिनियमची, आणि वीज सोडतात. मिनिटभरात नळाच्या पाण्यात हिरवट-तपकिरी गाळ फुगून वर येतो आणि यंत्राचे पाणी जवळपास नितळ राहते. 'हे तुम्ही रोज पिता' असे सांगितले जाते. तो गाळ पाण्यातला नसतो, सळीतला असतो. नळाच्या पाण्यात क्षार असल्याने वीज वाहते, लोखंड विरघळते आणि त्याचे हायड्रॉक्साइड तयार होते. दुसऱ्या पेल्यातले पाणी आरओ यंत्राने क्षार गाळून काढलेले असते, म्हणून त्यात वीजच वाहत नाही. विक्रेत्याला एवढेच सांगावे की नितळ पेल्यात चिमूटभर स्वयंपाकाचे मीठ टाक आणि पुन्हा वीज सोड. गाळ तिथेही येतो. (हे घरी स्वतः करू नये, सळ्या थेट विजेला जोडलेल्या असतात.)

दुसरे प्रात्यक्षिक रंगाच्या थेंबांचे. थेंब टाकले की नळाचे पाणी हिरवे आणि यंत्राचे जांभळे होते. तो पीएच दाखवणारा रंग आहे, आरोग्य दाखवणारा नाही. नळाच्या पाण्यात धुण्याच्या सोड्याचे चार कण टाकले तर तोच जांभळा येतो. तुमच्या कॅमेऱ्यासमोर पुढच्या वेळी हे दोन प्रयोग होतील तेव्हा मीठ आणि सोडा टेबलावर ठेवा, एवढीच आमची सूचना आहे.

चौथी तक्रार डॉक्टरांच्या छायाचित्रांबद्दल. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतील कलम ६.१.१ नुसार डॉक्टरने कोणत्याही औषधाची, उपायाची किंवा उपकरणाची शिफारस आपले नाव, सही किंवा छायाचित्रासह जाहिरातीसाठी देऊ नये. पांढरा कोट घातलेला माणूस खरा डॉक्टर असेल तर तो नियम मोडतो आहे, नसेल तर वाचक फसतो आहे. दोन्हींपैकी काय, हे छापण्यापूर्वी विचारले जात नाही.

पाचवी तक्रार तुमच्या जबाबदारीची आहे. १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा सर्वांनी ऐकलेला असतो, वाचलेला फार थोड्यांनी. त्यातल्या कलम २ मध्ये 'औषध' या व्याख्येत रोगाचे निदान, बरे करणे, शमवणे किंवा टाळणे यासाठी वापरायचा कोणताही पदार्थ येतो. पाणी त्या हेतूने विकले की ते या कायद्यापुरते औषध झाले. कलम ३ जाहिरातीच्या प्रसिद्धीत भाग घेण्यालाच मनाई करते आणि व्याख्येनुसार जाहिरात छापणे हाही भाग घेणेच आहे. परिशिष्टात आजारांची यादी आहे : मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, कर्करोग, लठ्ठपणा, संधिवात, मूत्रपिंडातले खडे. लिथियाच्या जाहिरातीतला ब्राइट्स डिसीजसुद्धा त्यात आहे. गुन्हा दखलपात्र आहे आणि पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

तुमचे कायदा सल्लागार बहुधा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातले कलम २१ दाखवतील. दिशाभूल करणारी जाहिरात छापणाऱ्यालाही त्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे, पण 'नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात छापली' असा बचावही आहे. तो बचाव त्या कायद्यापुरता आहे. बाटलीबंद पाणी अन्न सुरक्षा कायद्याखाली अन्नात मोडते आणि २०१८ चे जाहिरात व दावे विनियम अन्नपदार्थाने रोग बरा होतो असे म्हणू देत नाहीत. घरगुती यंत्र मात्र अन्नात मोडत नाही, म्हणून विक्रेते बाटलीपेक्षा यंत्राची जाहिरात देणे पसंत करतात. माठ विकणाऱ्यांनीही शंभर वर्षांपूर्वी हीच वाट धरली होती.

'तपासणे हे आमचे काम नाही' हे उत्तर जुने आहे. अमेरिकेत पेटंट औषधवाले, म्हणजे जाहिरातीच्या जोरावर तयार औषधे विकणारे, वृत्तपत्रांशी करार करताना त्यात एक कलम घालत : तुमच्या राज्यात आमच्याविरुद्ध कायदा झाला तर करार रद्द. म्हणजे कायदा होऊ न देण्यात वृत्तपत्राचाच फायदा. कोलियर्स या साप्ताहिकाने १९०५ मध्ये ते करार उघड केले आणि पुढच्याच वर्षी कायदा झाला. 'लेडीज होम जर्नल'ने तर १८९२ मध्येच कोणत्याही कायद्याची वाट न पाहता अशा जाहिराती घेणे बंद केले होते. हे करता येते.

अशा पाण्याने अपाय तर होत नाही ना, असे विचारले जाते. गोळी बंद केली की होतो, आणि तो आम्ही पाहतो. पाण्यानेही होऊ शकतो : २०२० मध्ये अमेरिकेतल्या लास व्हेगासजवळ 'रियल वॉटर' नावाचे अल्कलाइन पाणी पिणाऱ्या लहान मुलांचे यकृत अचानक निकामी झाले, आणि पुढच्या वर्षी न्यायालयाच्या हुकमाने ते उत्पादन बंद झाले. घरगुती यंत्रातही बिघाड होतात. आरओच्या पुढे बसवलेल्या अल्कलाइन कार्ट्रिजमध्ये मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या गोळ्या असतात. रात्रभर पाणी साचून राहिले तर सकाळच्या पहिल्या पेल्याचा पीएच १० च्या वर जातो, आणि गोळ्यांवर थर चढला की काही महिन्यांत तो नळाच्या पाण्याइतका होतो. म्हणजे एकाच यंत्राचे पाणी सकाळ-संध्याकाळ वेगळे. मूत्रपिंडे अशक्त असलेल्या माणसाने जादा मॅग्नेशियम डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, ही ओळ आम्हाला एकाही जाहिरातीत दिसलेली नाही.

आमच्या मागण्या :

१. पाणी किंवा पाण्याचे यंत्र यांच्या जाहिरातीत आजाराचे नाव असेल तर ती घेऊ नका. 'मधुमेहींसाठी उपयुक्त', 'रक्तदाब संतुलित ठेवते', 'डिटॉक्स' ही वळणेही यातच धरा.

२. जाहिरातदार संशोधनाचा हवाला देत असेल तर भारतीय वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, म्हणजे सीटीआरआयचा क्रमांक मागा. ती नोंदवही सर्वांना मोफत पाहता येते, दहा मिनिटे लागतात. चाचणी माणसांवर होती का, किती जणांवर, आणि कोणत्या पाण्याशी तुलना केली, एवढे तीन प्रश्न पुरेत.

३. प्रयोगशाळेचा अहवाल आरोग्याच्या दाव्याचा पुरावा म्हणून स्वीकारू नका, आणि अहवालाचे छायाचित्र जाहिरातीत छापू नका. छापायचेच असेल तर नमुना कुणी दिला ती ओळ वाचता येईल इतकी मोठी ठेवा.

४. डॉक्टरांचे नाव किंवा छायाचित्र असलेली अशी जाहिरात परत पाठवा.

५. प्रायोजित मजकुरावर 'जाहिरात' हा शब्द मथळ्याच्याच आकारात, वरच्या बाजूला, आणि मजकूर दोन पानांवर गेला तर दोन्ही पानांवर हवा. कोपऱ्यातल्या बारीक इंग्रजी अक्षरांनी गावाकडच्या वाचकाला काही कळत नाही.

६. गेल्या वर्षभरात छापलेल्या अशा जाहिरातींबद्दल त्याच पानावर, त्याच आकारात खुलासा छापा : या पाण्याने आजार बरा होत नाही, चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. यातली दुसरी ओळ उद्याच्या अंकातही जाऊ शकते. बाकीच्या मागण्यांवर बैठका होईपर्यंत तिला थांबवू नका.

तुमच्या विभागातल्या कर्मचाऱ्यांना पाण्याचा अहवाल कसा वाचायचा हे शिकवायला आम्ही तयार आहोत. त्यासाठी एक दुपार पुरते आणि मानधन नको. अमुक जाहिरात घ्यावी का, असा प्रश्न पडला तर तिचा मजकूर छापण्यापूर्वी जवळच्या कोणत्याही प्रयोगशाळेला किंवा औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाला दाखवा. या पत्राचे उत्तर तुमच्याच पानावर छापून आले तर वाचकांनाही ते कळेल.

आपले,
पाणी तपासणी आणि औषध क्षेत्रात काम करणारे काही जण